अनुस्वाराचं टिंब टिंबच दिसलं पाहिजे : हातात कॅमेरा स्थिर धरण्याची रीत

अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की पहिली काही मिनिटं फारसं दिसत नाही. मग डोळे सरावतात, आणि गाभाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताच्या भिंतीवर पद्मपाणी, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, हळूहळू उमटायला लागतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा भारावून जाऊन मी तीस-चाळीस फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे छान दिसले. घरी येऊन संगणकावर उघडले, तर एकही धड नव्हता. चेहऱ्याला दोन-दोन कडा, हातातल्या कमळाची नुसती निळसर पुसट रेघ.

चित्रांना इजा होऊ नये म्हणून तिथे फ्लॅशला बंदी आहे. ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते. म्हणजे हौशी माणसाकडे उरतात ते स्वतःचे दोन हात. त्या दिवसानंतर मी हे हात शिकवायला घेतले. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहितोय. अजिंठा हे निमित्त. देवळाचा सभामंडप असो, लग्नाचा हॉल असो की संध्याकाळचा घाट, रीत तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कॅमेरा ताकदीने आवळून धरला की तो जास्त हलतो. ताणलेला स्नायू थरथरतो. हाड थरथरत नाही. म्हणून कॅमेऱ्याचं वजन स्नायूंवरून काढून हाडांवर आणि हाडांवरून जमिनीवर सोडायचं.

आधी फोटो का बिघडला ते ओळखा

पुसट फोटो दिसला की आपण सरसकट ‘हलला’ म्हणतो. पण पुसटपणाची कारणं तीन आणि त्यांचे उपाय वेगवेगळे. ओळखायला घरातलं वर्तमानपत्र पुरतं. छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, दीड-दोन मीटरवर उभं राहून फोटो काढा आणि संगणकावर पूर्ण मोठा करून पाहा. अक्षरांकडे पाहू नका, अनुस्वारांकडे पाहा. ‘संपर्क’, ‘अंधेरी’, ‘त्वरित पाहिजेत’च्या खालचं ‘अनुभव असलेल्यांना’ : प्रत्येक ओळीत डोक्यावर एकेक टिंब आहेच. आपल्या लिपीने दिलेली ही फार उत्तम खूण आहे.

टिंब सगळीकडून सारखं फुगून मऊ झालं असेल, तर कॅमेरा हललेला नाही, फोकस चुकलाय. टिंबाची छोटी रेघ झाली असेल, तर कॅमेरा हलला. ती रेघ उभी असेल तर बहुतेक वेळा बटण दाबताना कॅमेरा खाली दबतोय. आडवी असेल तर शरीर डोलतंय. आणि पानावरची सगळी टिंबं गोल आहेत, पण पानासमोरून गेलेलं मूल तेवढं पुसट आहे, तर विषय हलला. तिथे तुमचा हात कितीही स्थिर असला तरी उपयोग नाही, शटर स्पीडच, म्हणजे शटर उघडून मिटण्याचा वेगच, वाढवावा लागतो.

मी सुरुवातीचे कित्येक महिने फोकसच्या चुका हाताच्या माथी मारत होतो. ही चाचणी केली नाही तर तुमचंही तसंच होईल, म्हणून ती टाळू नका.

किती हललं म्हणजे हललं?

अंदाज यावा म्हणून एक हिशेब. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून लहान) सेन्सरवर एका ओळीत सुमारे ६००० पिक्सेल असतात आणि सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास. ५० मिमी लेन्स लावून दहा मीटरवरच्या भिंतीचा फोटो काढला, तर एक पिक्सेल भिंतीवरच्या पाऊण मिलिमीटरएवढा होतो. एवढं सरकायला दहा सेंटिमीटर लांबीच्या लेन्सचं टोक किती झुकावं लागतं? केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं. इतकं तर नाडीच्या ठोक्यानेही हलतं. म्हणून हात पूर्ण स्थिर करणं कुणालाच शक्य नाही. शटर उघडं असेल तेवढ्या क्षणापुरतं हलणं कमी करता येतं, आणि तो क्षण लहान करता येतो.

क्षण लहान करण्यासाठीचा जुना आडाखा सर्वांना माहीत असतो : लेन्सची फोकल लेंथ (तिच्यावरचा मिमीतला आकडा) जेवढी, सेकंदाचे तेवढे भाग करून त्यातला एक. ५० मिमी असेल तर १/५०, २०० मिमी असेल तर १/२००. हा आडाखा ३५ मिमी फिल्मच्या काळातला आहे. सेन्सर लहान असेल तर त्याचा गुणक धरावा लागतो : निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांना १.५, कॅननला १.६, त्याहून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सला २. म्हणजे एपीएस-सीवर ५० मिमीसाठी १/८०, आणि ३०० मिमीसाठी १/५०० धरून चाला. त्यातही हल्लीचे सेन्सर इतके बारीक पिक्सेलांचे असतात की फोटो मोठा करून पाहणाऱ्याने याच्याही दुप्पट वेग ठेवलेला बरा.

उजेड कमी असला की हा वेग मिळत नाही. तेव्हा आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवायला कचरू नका. ‘दाणे येतात’ म्हणून लोक आयएसओ ४०० वर अडून बसतात आणि १/१० ला फोटो हलवून घेतात. दाणे नंतर कमी करता येतात, छापल्यावर तर ते दिसतही नाहीत. हललेली कड मात्र परत आणता येत नाही. कॅमेऱ्यात ऑटो आयएसओ असेल तर त्याच्या मेनूत ‘किमान शटर स्पीड’ ठरवण्याची सोय बहुधा असते. ती एकदा लावून ठेवा.

पकड

आता हात. कॅमेऱ्याचं वजन डाव्या हातावर असतं. उजव्या हाताचं काम फक्त बाजूने सांभाळायचं आणि बटण दाबायचं. नवशिक्यांमध्ये हे नेमकं उलटं दिसतं : उजवी मूठ घट्ट आवळलेली आणि डावा हात लेन्सच्या कडेला नुसता टेकवलेला.

डावा तळहात वर करा, प्रसादासाठी हात पुढे करतो तसा. त्यावर कॅमेऱ्याची बूड आणि लेन्सचा मागचा भाग मिळून ठेवा. अंगठा एका बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या बाजूला, म्हणजे झूमची कडी फिरवता येते. मनगट सरळ. आता कोपर आत ओढून बरगड्यांवर टेकवा. मनगटापासून कोपरापर्यंतचं हाड खांबासारखं उभं राहिलं पाहिजे आणि त्या खांबाचा पाया बरगडीवर आला पाहिजे. उजवा कोपरही खाली आणि आत. कोपर पंखांसारखे बाहेर पसरले की वजन थेट खांद्याच्या स्नायूंवर येतं आणि अर्ध्या मिनिटात थरथर सुरू होते.

तिसरा टेकू चेहऱ्याचा. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) असेल तर तो वापराच. भुवईचं हाड कॅमेऱ्याला नीट टेकलं पाहिजे. दोन हात आणि कपाळ मिळून तीन टेकू झाले. कॅमेरा लांब धरून मागच्या पडद्यात बघत फोटो काढायचा हा हल्लीचा प्रकार कमी उजेडात सर्वांत घातक. व्ह्यूफाइंडर नसेलच, तर गळ्यातला पट्टा आखूड करा आणि कॅमेरा पुढे ढकलून पट्टा ताणून धरा. मानेकडून मागे ओढ, हातांकडून पुढे, त्यामुळे कॅमेरा मधे स्थिरावतो.

लांब, जड लेन्स असेल तेव्हा डावा हात आणखी पुढे, लेन्सच्या तोलाच्या जागी न्या.

पाय, गुडघे आणि आपलं उकिडवं बसणं

उभं राहताना पाय खांद्यांइतके फाकवा, डावा पाय अर्धं पाऊल पुढे, गुडघे किंचित सैल. गुडघे ताठ केले की माणूस घोट्यातून डोलतो, हे स्वतः उभं राहून पाहा. पाय जुळवून सावधान उभं राहून फोटो काढणं म्हणजे आडवी रेघ ठरलेली.

टेकायला भिंत, झाड, विजेचा खांब काहीही चालेल. पाठ टेकवण्यापेक्षा खांदा टेकवला तर कॅमेरा जास्त स्थिर राहतो असा माझा अनुभव. पण लेण्यांमध्ये हे करायचं नाही. अजिंठ्याचे खांबसुद्धा रंगवलेले आहेत. दीड हजार वर्षं टिकलेला गिलावा आपल्या शर्टाच्या घासण्याने झिजावा, इतका कोणताही फोटो मोलाचा नाही. तिथे टेकू एकच, जमीन.

आणि जमिनीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, कारण आपल्याला उकिडवं बसता येतं. हा प्रकार मी जरा निवांत सांगतो, कारण माझे सगळ्यात चांगले हातातले फोटो असेच आलेत.

दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकवून, शेतात खुरपायला बसतात तसं उकिडवं बसा. पाय थोडे फाकलेले. आता दोन्ही दंड गुडघ्यांवर आणा. इथे एक बारकावा आहे. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं तर हाडावर हाड घरंगळतं आणि कॅमेरा डुलतच राहतो. म्हणून कोपर गुडघ्याच्या चार बोटं पुढे जाऊ द्या आणि कोपराच्या वरचा दंडाचा मांसल भाग गुडघ्यावर टेकवा. मांस थोडं दबतं, तिथे पकड बसते, आणि दोन्ही दंड दोन गुडघ्यांवर रुतून राहतात. अंग किंचित पुढे झुकवा, म्हणजे वजन तळपायांवर समान येतं. आता कॅमेरा डोळ्याला लावा. कॅमेऱ्याचं वजन हातातून गुडघ्यात, गुडघ्यातून नडगीत आणि तिथून थेट फरशीत उतरतंय हे तुम्हाला जाणवेल. अनवाणी असाल तर आणखी चांगलं, तळव्याची पकड बसते.

टाचा उचलल्या जात असतील तर हा प्रकार सोडून द्या. चवड्यांवर बसणं उभं राहण्यापेक्षाही डळमळीत. मग एक गुडघा टेका : उजवा गुडघा जमिनीवर, डावा वर, डावा दंड त्या डाव्या गुडघ्यावर, वाटी टाळूनच. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी सरळ मांडी घालून किंवा पाय दुमडून, गुडघे वर घेऊन बसावं. लेण्यात माणसांची ये-जा असते, तेव्हा वाटेत बसू नका. भिंतीपासून हात राखून, कडेला जागा निवडा.

पोटावर पालथं झोपणं सर्वांत स्थिर, पण ते कासच्या पठाराबाहेर, कुठल्याशा माळावरच्या रानफुलांसाठी ठीक. कासला फुलांवर झोपू नये.

श्वास आणि बोट

अजिंठ्याला बस थांबते तिथून लेण्यांपर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात. वर पोचल्या पोचल्या कॅमेरा काढू नका. दम लागलेला असताना कुठलीही पकड कामाला येत नाही. चार-पाच मिनिटं दरीकडे बघत बसा, पाणी प्या.

फोटो काढताना श्वास छातीत कोंडून धरू नका. कोंडला की छाती आणि खांदे ताणले जातात. शांतपणे श्वास सोडा. सोडून झाल्यावर पुढचा श्वास आपोआप यायच्या आधी दोन-तीन सेकंदांची एक विश्रांती असते. अंग त्या वेळी सर्वांत स्तब्ध असतं. बटण तेव्हा दाबायचं. वेळ निघून गेली तर ओढून ताणून दाबू नका, पुन्हा एक श्वास घ्या.

बोट बटणावरून कधी उचलूच नका. अर्धं दाबून फोकस घ्या, तसंच धरून ठेवा, आणि श्वास सुटल्यावर बोटाच्या पेराचा मऊ भाग हळूच पुढे लोळवा. पिकलेला आंबा दाबून बघतो ना, तितक्याच जोराने. टोकाने टोचायचं नाही. खटका वाजल्यावरही क्षणभर बोट दाबलेलंच राहू द्या. ‘झाला फोटो’ म्हणून हात खाली आणायची घाई अनेकदा शटर बंद व्हायच्या आधीच होते.

एकच फोटो काढून थांबू नका. कॅमेरा सलग फोटोंवर ठेवा आणि तीन-चार एकदम काढा. पहिल्या फोटोत बोट दाबल्याचा हिसका असतो, शेवटच्यात सोडल्याचा. मधला बहुतेक वेळा स्वच्छ निघतो. १/१५ सारख्या वेगाला हा फरक फार मोठा आहे.

विषय अगदी स्थिर असेल, शिल्प किंवा चित्र, तर दोन सेकंदांचा टायमर लावा. मग बोटाचा प्रश्नच उरत नाही. मात्र श्वासाचा मेळ आधी घालावा लागतो : बटण दाबून श्वास सोडायचा, म्हणजे तो संपेपर्यंत फोटो होतो.

दोरी आणि धान्याची पिशवी

जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडसाठी पाव इंची भोक असतं. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची, इंचाला २० आट्यांचा बोल्ट काही रुपयांत मिळतो. त्याला आपल्या उंचीची, न ताणणारी जाड सुती दोरी बांधा. बोल्ट कॅमेऱ्यात हाताने बसवा. हे भोक खोल नसतं, त्यामुळे लांब बोल्ट पान्याने पिळलात तर तळ फुटेल. दोरीचं दुसरं टोक पायाखाली दाबून कॅमेरा वर ओढा आणि दोरी ताठ ठेवा. वरखाली हलणं जवळपास थांबतं, म्हणजे टिंबाची उभी रेघ जाते. आडवी रेघ राहिली, तर दोरी दुप्पट लांब घेऊन दोन्ही पायांखाली त्रिकोण करा. खिशात मावणारी ही वस्तू माझ्या बॅगेत कायम असते.

पक्ष्यांसाठी लांब लेन्स वापरत असाल, उदाहरणार्थ नांदूरमध्यमेश्वरला, तर जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ किंवा ज्वारी भरा. काठोकाठ नको, दोन-तृतीयांशच. लेन्स टेकल्यावर तिच्यात घळ पडली पाहिजे. गाडीच्या खिडकीवर, बांधावर, कठड्यावर ठेवली की झालं. गाडीचं इंजिन मात्र बंद करा.

यंत्राची मदत

हाताचं हलणं भरून काढणारा, लेन्समधला किंवा सेन्सरवरचा स्टॅबिलायझर खरोखर उपयोगी आहे. कॅननने १९९५ साली पहिली अशी एसएलआर लेन्स आणली, आणि २००३ मध्ये मिनोल्टाने लेन्सऐवजी सेन्सरच हलवण्याची सोय कॅमेऱ्यात दिली. त्याचं माप ‘स्टॉप’मध्ये सांगतात; एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ. १/६० लागत असेल आणि चार स्टॉपचा स्टॅबिलायझर असेल, तर हिशेबाने १/४ पर्यंत जाता येतं. प्रत्यक्षात मी त्यातला एक स्टॉप वजा धरतो. बटण अर्धं दाबल्यावर त्याला बसायला अर्धा-एक सेकंद द्या. आणि एवढं नक्की लक्षात ठेवा की तो तुमचा हात सावरतो, नवरदेवाची मान सावरत नाही. माणसांचे फोटो १/१२५ च्या खाली नेताना सांभाळून.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात. फोन दोन्ही हातांनी, कोपर बरगडीला. पडद्यावर बोट आपटण्याऐवजी आवाजाचं बटण वापरा. बहुतेक फोनमध्ये मुख्य लेन्स सर्वांत उजळ असते, तेव्हा अंधारात तीच ठेवा. नाइट मोडमध्ये फोन काही सेकंद लागोपाठ फ्रेम घेऊन त्या जुळवतो, तेवढा वेळ श्वासाच्या त्या विश्रांतीत थांबा.

पंधरा दिवसांचा सराव

पुन्हा ते वर्तमानपत्र. एक लेन्स ठरवा, स्टॅबिलायझर बंद करा. १/१२५, १/६०, १/३०, १/१५ आणि १/८ अशा प्रत्येक वेगाला दहा-दहा फोटो काढा आणि ज्यात टिंबं गोल आहेत ते मोजून वहीत लिहा. माझं ५० मिमीला १/३० वर पहिल्या दिवशी दहात तीन आलं होतं. रोज दहा मिनिटं केल्यावर पंधराव्या दिवशी उभ्याने सहा आणि उकिडव्याने आठ. सकाळी आणि कामावरून दमून आल्यावर, असं दोन्ही वेळा मोजा. आकड्यांत चांगलाच फरक दिसेल. दहात पाच येतात तो तुमचा वेग. त्याखाली जायचं तर टेकू लागणार, किंवा जास्त फोटो काढावे लागणार, हे मग जागेवरच कळतं.

पुढच्या खेपेला मी त्याच लेण्यात ५० मिमी एफ १.८ ही भरपूर उजेड आत घेणारी लेन्स घेऊन गेलो. आयएसओ १६००, शटर १/३०. कडेला उकिडवा बसलो, प्रत्येक श्वासाला चार फोटो. छोट्या पडद्यावर आता विश्वास ठेवत नव्हतो, म्हणून तिथेच फोटो पूर्ण मोठा करून पाहायला लागलो. अनुस्वार नव्हते, पण पद्मपाणीच्या गळ्यात मोत्यांचा कंठा आहे. पहिल्या फ्रेममध्ये मोती लांबट झाले होते. दुसरीत थोडे. तिसरीत ते गोल होते, एकेक मोजता येतील असे.